बदलीवर आलेल्यांचे नागपूर

सीताबर्डीची टेकडी आणि तिच्याजवळून गेलेला लोहमार्ग यांनी नागपूरचे दोन भाग पाडले आहेत. पूर्वेला महाल, इतवारी, शुक्रवारी ही भोसल्यांच्या काळापासूनची दाट वस्ती. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, सदर, धरमपेठ हे इंग्रजी अमलात आणि त्यानंतर वाढलेले शहर. गेल्या दीडशे वर्षांत येथे जी लिहिणारी, चित्रे काढणारी, नाटके बसवणारी, जातीबाहेर लग्न करण्याची हिंमत दाखवणारी माणसे नावारूपाला आली, त्यांतली बरीचशी बाहेरगावची होती. ती कलेच्या ओढीने आली नव्हती, पगाराच्या नोकरीवर आली होती. कचेरी, रेल्वे, कॉलेज, वर्तमानपत्र, रेडिओ आणि पुढे आयुध निर्माणी, या क्रमाने ती येत राहिली. त्यामुळे नागपुरातल्या मोकळ्या विचारांच्या मंडळींचा इतिहास बऱ्याच अंशी बदल्यांचा इतिहास आहे. त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमधला आहे.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२च्या सुमारास वसवलेले हे शहर अठराव्या शतकात भोसल्यांकडे आले. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर त्याची राजधानी झाले. प्रांत मोठा, त्यात हिंदी आणि मराठी दोन्ही मुलूख, आणि इंग्रजी लिहू-वाचू शकणारा स्थानिक माणूस मात्र विरळा. वकील, कारकून, मास्तर, स्टेशनमास्तर बाहेरून आणावे लागले. १८६७मध्ये मुंबईकडून रेल्वे आली, १८७७च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १८८७मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. या शेवटच्या घटनेने बंगाली बाबूंचा ओघ वाढला. धंतोलीत त्यांची वस्ती जमली, शाळा निघाली, दुर्गापूजेचा मांडव पडू लागला. १९२३मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले ते बंगालमधून येथे येऊन वकिलीत नाव काढलेले सर बिपिन कृष्ण बोस. राजधानीच्या शहराचा पहिला कुलगुरू परप्रांतीय असणे त्या काळच्या नागपुरात कुणाला खटकण्यासारखे नव्हते. कचेऱ्यांमधले निम्मे चेहरे तसेच होते.

या नोकरदार शहराशेजारी महालातले जुने नागपूर आपल्या शिस्तीने चालत होते. ते सनातनी होते, पण रुक्ष नव्हते. कीर्तनाला, गाण्याच्या बैठकीला, नाटकाला तेथे तोटा नव्हता. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे लहानपणी आईबरोबर नागपुरात आले आणि शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकले, ते याच वातावरणात. येथे अटकाव होता तो पंगतीला, लग्नाला आणि बाईच्या घराबाहेर पडण्याला. राजकारणातही हे शहर टिळकांच्या वळणाचे; डॉ. बा. शि. मुंजे त्याचे पुढारी. १९२५च्या विजयादशमीला डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनी महालातल्या आपल्या घरी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली, आणि बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढची नागपूरची प्रतिमा कायमची ठरून गेली. ती प्रतिमा खोटी नाही, पण अर्धी आहे.

हिस्लॉप कॉलेज १८८३चे आणि मॉरिस कॉलेज १८८५चे. या दोन कॉलेजांनी पहिल्यांदा एक अशी जागा दिली जिथे महालातला मुलगा, वऱ्हाडातला मुलगा, हिंदी मुलखातला मुलगा आणि क्वचित एखादी मुलगी एकाच वर्गात बसत. त्याची फळे १९२०नंतर दिसू लागली. विदर्भ साहित्य संघ १९२३च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत स्थापन झाला आणि पुढे नागपूरवासी झाला. पु. य. देशपांडे यांची ‘बंधनांच्या पलीकडे’ ही कादंबरी १९२७मध्ये आली आणि नीतीच्या नावाने तिच्यावर मोठे वादळ उठले. मुंबईत जन्मलेले, पुण्याच्या पत्रकारितेतून आलेले ग. त्र्यं. माडखोलकर ‘महाराष्ट्र’ पत्रात रुजू झाले आणि १९४४पासून ‘तरुण भारत’चे संपादक म्हणून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीची झळ त्यांच्या घरालाही बसली. ‘एका निर्वासिताची कहाणी’ हे त्यांचे पुस्तक त्यातून आले. बाहेरून आलेला माणूस या शहराचा आवाज होऊ शकतो आणि एका रात्रीत निर्वासितही होऊ शकतो, हे दोन्ही त्या एका आयुष्यात दिसते.

या पिढीतले सगळ्यात ठळक घर आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, आणि कुसुमावती देशपांडे यांचे. दोघेही मूळचे वऱ्हाडातले. अनिल मूर्तिजापूरचे, कुसुमावती अमरावतीच्या जयवंतांच्या घरच्या. लग्न जातीबाहेरचे, म्हणून घरच्यांची संमती मिळेपर्यंत वर्षे गेली. त्या वर्षांत दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे, कुसुमावतींच्या निधनानंतर, ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२मध्ये प्रसिद्ध झाली. १९२९मध्ये लग्न झाले तेव्हा कुसुमावती विलायतेत शिकून आल्या होत्या. नागपुरात त्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. अनिल सरकारी नोकरीत. मराठी कवितेला मुक्तछंद देणारे अनिलांचे ‘भग्नमूर्ती’ १९४०चे. १९५८च्या मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांना मिळाले, १९६१च्या ग्वाल्हेरच्या संमेलनाचे कुसुमावतींना; त्या या पदावरच्या पहिल्या स्त्री. हे घर नागपुरात टिकले याचे एक कारण उघड आहे: दोघांचाही चरितार्थ ना जातीवर अवलंबून होता ना भाऊबंदांवर. महिन्याचा पगार सरकार आणि कॉलेज देत होते.

चित्रकलेत असाच एक प्रवासी येथे थांबून गेला. मंडला जिल्ह्यात, वनखात्यातल्या नोकरदाराच्या घरी १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९मध्ये नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९४३पर्यंत तेथे शिकले. मग मुंबईचे जे. जे., मग पॅरिस. सातपुड्याच्या जंगलातून निघालेल्या मुलाला मुंबईआधीचे कलेचे पहिले शहर हेच होते, कारण त्याच्या प्रांताची राजधानी हीच होती. रझांच्या चरित्रांमध्ये नागपूरला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. शहराकडे असे येऊन, शिकून, निघून गेलेले बरेच आहेत.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८मध्ये सुरू झाले. रेडिओला एकाच वेळी लेखक, गायक, वादक, नट आणि बातम्या भाषांतरित करणारे दुभाषी लागत, आणि त्यांना ठरलेला मेहनताना मिळे. कलावंताला पगार देणारी ही शहरातली पहिली मोठी जागा. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर या केंद्रात होते, हिंदी कवी नरेश मेहता काही काळ होते, आणि १९५४पासून गजानन माधव मुक्तिबोधही होते.

मुक्तिबोधांची नागपूरची दहा वर्षे या इतिहासाचा गाभा म्हणावी अशी आहेत. श्योपूरला १९१७ साली जन्मलेला, घरात मराठी बोलणारा हा कवी उज्जैन, इंदूर, बनारस, जबलपूर असे नोकऱ्यांमागे फिरत १९४८मध्ये नागपूरला आला. अज्ञेयांनी १९४३मध्ये संपादित केलेल्या ‘तारसप्तक’मधल्या सात कवींत त्यांचे नाव होते, पण खिशात काही नव्हते. आधी प्रांतिक सरकारचे माहिती खाते, मग रेडिओ, आणि १९५६पासून ‘नया खून’ हे साप्ताहिक. राहणे पश्चिमेच्या साहेबी भागात नव्हे, तर नव्या शुक्रवारीच्या मोहल्ल्यात. सरकारी नोकराला राजकारणावर लिहिण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी ‘यौगंधरायण’, ‘अवंतीलाल गुप्त’ अशी नावे घेतली. भासाच्या नाटकातला चतुर प्रधान यौगंधरायण; हे टोपणनाव निवडणाऱ्याला आपण वेषांतर करून राहतो आहोत याची पुरती जाणीव असावी. एम्प्रेस मिलच्या कामगारांवरच्या गोळीबाराचे पडसाद त्यांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत अनेक समीक्षकांना ऐकू येतात. गल्ल्या, मिरवणूक, बंद दारे, लष्करी कायद्याचे सावट हे त्या कवितेतले शहर स्वप्नातले आहे, तरी त्याच्या विटा नागपूरच्या आहेत.

त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध हेही नागपुरातच स्थिरावले. एकाच घरातला मोठा भाऊ हिंदीत लिहितो, धाकटा मराठीत, आणि दोघेही मार्क्सवादी विचारांचे. शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९चा. ‘क्षिप्रा’पासून सुरू झालेली त्यांची कादंबरीत्रयी १९५०नंतरची. नागपूर महाविद्यालयात ते मराठी शिकवत. १९७९मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भावांभोवती जमणाऱ्यांत भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीहून आलेले चित्रकार भाऊ समर्थ होते. त्यांचाही हिंदी आणि मराठीत सारखाच वावर. अशी मंडळी नागपूरखेरीज त्या वेळी कुठे जमली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुण्यात हिंदी कवी एकटा पडला असता, जबलपुरात मराठी समीक्षक. दुभाषी प्रांताची राजधानी असल्यानेच हे जुळून आले.

१९५६च्या शरदात अठरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि नागपूर मुंबई राज्यात आले. नागपूर करारामुळे १९६०पासून महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरू लागले, पण वर्षातल्या त्या काही आठवड्यांनी राजधानीची भरपाई होणार नव्हती. कचेऱ्यांबरोबर हिंदी भाषक नोकरदार गेले, त्यांच्याबरोबर वाचक गेले, नियतकालिकांचे वर्गणीदार गेले. मुक्तिबोध १९५८मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. तेथे पगार आला, थोडे स्थैर्य आले, आणि १९६२मध्ये त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदीही घातली. १९६४मध्ये ते वारले. त्यांचा पहिला कवितासंग्रह ते गेल्यावर त्याच वर्षी निघाला.

राजधानी गेलेल्या शहरात जी माणसे उरली, त्यांनी नाटक धरले. झाशी राणी चौकाजवळ विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंग मंदिर उभे राहिले होते; तेथून हाकेच्या अंतरावर विदर्भ हिंदी साहित्य संमेलनाचे मोर भवन. सीताबर्डीच्या, म्हणजे बोलण्यातल्या बर्डीच्या, गर्दीत, बसस्थानकाच्या शेजारी, दोन भाषांच्या दोन संस्था एकमेकींना लागून आहेत. अनेक मैफली, वाद आणि पुस्तक प्रकाशने एवढ्याशा परिघात झाली, कारण जुन्या गावातून येणाऱ्याला आणि पश्चिमेच्या वसाहतींतून येणाऱ्याला बर्डी सारखीच सोयीची. दारव्हेकरांनी रंजन कला मंदिर ही संस्था काढून एक पिढी घडवली. त्यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७मध्ये मुंबईच्या रंगभूमीवर आले आणि त्यातले खाँसाहेब नागपुरात वाढलेल्या वसंतरावांनी गाजवले. नाटककार नागपूरचा, गायक नागपूरचा, यश मुंबई-पुण्याचे. हा हिशेब विदर्भातली माणसे आजही थोड्या कुरकुरीने मांडतात, आणि ती कुरकुर अगदीच निराधार नाही.

महेश एलकुंचवारांची गोष्ट याच्या उलट दिशेची. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याच्या जमीनदार घरातला हा मुलगा शिकायला नागपुरात आला आणि येथेच राहिला. १९६५मध्ये एका संध्याकाळी सिनेमाची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून ते शहरात आलेला विजया मेहतांच्या दिग्दर्शनातला विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’चा प्रयोग पाहायला गेले, आणि नाटक लिहायचे ठरवूनच बाहेर पडले. ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त १९६७ला छापून आली, विजया मेहतांनी ‘रंगायन’तर्फे त्यांच्या एकांकिका केल्या. बहीण-भावाच्या निषिद्ध संबंधांवरच्या ‘वासनाकांड’ला सेन्सॉरने हरकत घेतली, १९८४मध्ये ‘होळी’ आणि ‘पार्टी’ यांचे चित्रपट आले, १९८५मध्ये ‘वाडा चिरेबंदी’. या सगळ्या काळात लेखक धरमपेठेतल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. मराठी रंगभूमीवरची काही सर्वांत धीट नाटके मुंबईत नव्हे, तर ज्या शहराला बाहेरचे लोक कर्मठ म्हणून ओळखतात तेथे, कॉलेजच्या तासांमधून वेळ काढून लिहिली गेली. कर्मठपणाचा त्यांना अडथळा झाला तसा उपयोगही झाला. ‘वाडा चिरेबंदी’तला धरणगावकर देशपांड्यांचा वाडा दुरून पाहून लिहिता आला नसता. कवी ग्रेस आणि सुरेश भट हेही याच काळातले. ग्रेस शहरातले, महाविद्यालयात शिकवणारे, कुठल्याच कळपात न बसणारे. त्यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७च्या. भट अमरावतीचे, पण अखेरपर्यंतचे वास्तव्य नागपुरात.

आता अपवादाकडे. उत्तर नागपुरातल्या इंदोरा, पाचपावली या वस्त्यांमध्ये विणकर आणि मिलमजूर महार कुटुंबांनी जी चळवळ उभी केली, तिला ना बदलीची गरज होती ना सरकारी पगाराची. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, स्वतःचा छापखाना घातला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे एकामागून एक चालवली. जाईबाई चौधरी तरुणपणी नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहत. शिकून त्यांनी १९२२मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली. १९३७च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. परिषद सुधारकी, सुशिक्षित स्त्रियांची. तरी तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवले गेले. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. पंगतीपाशी सुधारकांचाही पाय अडखळला, आणि त्यानंतर वेगळ्या सभा, वेगळ्या शाळा, वेगळी पत्रे ही तक्रार न राहता वाट झाली. जुलै १९४२मध्ये मोहन पार्कवर भरलेल्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो स्त्रियांची परिषद झाली.

१९५६च्या दीक्षेची तयारी वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्धजन समिती यांनी केली. बाबासाहेब बर्डीवरच्या शाम हॉटेलात उतरले होते. दीक्षेची जागा, म्हणजे आजची दीक्षाभूमी, तेथून दूर नाही, आणि महालही दूर नाही. दीक्षाभूमीच्या मेळाव्याने शहराला जे दिले, ते कलेच्या हिशेबातही मोठे आहे. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनाला तेथे पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेवढी मराठी पुस्तकविक्री एका जागी क्वचितच होते. खेड्यातून आलेला मजूर पिशवीत भाकरी आणि परतताना चार पुस्तके घेऊन जातो. भीमगीतांचे गायक, जलसे, विहारातली वाचनालये, वस्तीतली नाटके हा सारा व्यवहार वर्गणीवर चालतो. जपानहून आलेले भिक्खू सुरई ससाई १९६०च्या दशकात येथे आले, इंदोऱ्याच्या विहारात राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. नव्या शहरात आपली माणसे शोधणाऱ्याचे याहून दूरचे उदाहरण नागपुरात नसेल.

या दोन प्रवाहांची भेट कमी झाली, आणि झाली तेव्हा ती सोपी नव्हती. नागपूरच्या कुमुद सोमकुवर यांनी १९५६नंतरच्या पहिल्याच पिढीत संस्कृत घेऊन एम. ए. केले. दलित मुलीने वेदांची भाषा शिकणे कुणाला कौतुकाचे वाटले, कुणाला आगाऊपणाचे. नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय लग्न होऊन त्या कुमुद पावडे झाल्या, आणि मग ती मिळाली. नोकरी मिळाली ती पावड्यांना, सोमकुवरांना नव्हे, हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मपर लेखनात नोंदवले. ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१चे. अनिल-कुसुमावतींना ज्या पगाराने मोकळे केले, त्याच्या दारावर आडनाव विचारले जात होते, एवढे यातून कळते. यशवंत मनोहरांचे ‘उत्थानगुंफा’ १९७७मध्ये आले आणि ज्योती लांजेवार यांच्यासारख्या कवयित्री त्या सुमाराला पुढे आल्या, तेव्हा विदर्भाच्या कवितेचा गुरुत्वमध्यच सरकला. सुरेश भटांनी आंबेडकरांवर लिहिलेले वंदनागीत आंबेडकरी घरांत पाठ झाले आणि आयुष्याच्या अखेरीस भटांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या नावाचे महापालिकेचे मोठे सभागृह २०१७मध्ये रेशीमबागेत, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्मृती मंदिराच्या परिसरात उघडले. नागपुरात असल्या शेजाराचे कुणाला नवल वाटत नाही.

सरकारी संस्थाही उशिरा का होईना आल्या. जानेवारी १९७५मध्ये पहिले विश्व हिंदी संमेलन नागपुरात झाले. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये सुरू झाले. त्याच भागातल्या मोठ्या नाट्यगृहाला डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव आहे. २००७चे साहित्य संमेलन अरुण साधूंच्या, तर २०१९चे नाट्य संमेलन प्रेमानंद गज्वींच्या अध्यक्षतेखाली येथे झाले.

पश्चिमेला शहर वाढले ते मुख्यतः नोकरदारांच्या ले-आऊटांनी. १९६२च्या चीन युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढवण्याचे धोरण ठरले आणि विदर्भात भंडारा, चांदा, अंबाझरी अशा आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. अंबाझरीची निर्माणी १९६६ची. तोफगोळ्यांची कवचे आणि पुढे पिनाक अग्निबाणांचे भाग येथे बनू लागले. तिच्या आधाराने अमरावती रस्त्यावरचे वाडी हे खेडे फुगत गेले. केंद्र सरकारचा कारखाना म्हटल्यावर कानपूर, जबलपूर, इशापूर, तिरुचिरापल्ली येथून बदलीवर माणसे येणार, हे ठरलेलेच. क्वार्टरच्या जिन्यात शेजारच्या तीन दारांवर तीन प्रांतांची नावे, आणि मुलांची आपसातली भाषा नागपुरी हिंदी. अशा वसाहतींत कार्यक्रम उसने आणावे लागत नाहीत. गणपती, दुर्गापूजा, ओणम, रामलीला यांच्या निमित्ताने नट आणि गायक वसाहतीतच तयार होतात. मात्र हे सगळे कुंपणाच्या आत. निवृत्तीला क्वार्टर सोडावी लागते; कुणी गावी परततो, कुणी वाडीतच दत्तवाडीकडे प्लॉट घेऊन घर बांधतो. घर बांधणाऱ्यांपैकी ज्यांना वाचनाची, नाटकाची ओढ असते, त्यांना संध्याकाळी बर्डी गाठावी लागते, कारण वाडीत ट्रान्सपोर्ट कंपन्या आहेत, गोदामे आहेत, ट्रकची गॅरेजे आहेत, पण नाट्यगृह नाही.

महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने वाडी मालवाहतुकीला सोयीची ठरली आणि त्याच कारणाने शहराच्या सांस्कृतिक सोयी तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली तीही गेल्या दशकातच. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या; अंबाझरीची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि कंपनीचे मुख्यालयही येथेच आले. जुन्या बदलीच्या नोकरीची जागा आता कंत्राटी कामगार, वाहतूकदार, कॉलेजात शिकायला आलेली मुले घेत आहेत, आणि ती क्वार्टरमध्ये नव्हे, भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात वासुदेवनगर ते दत्तवाडी हा साडेचार किलोमीटरचा मार्ग आहे. तो झाला की वाडीहून झाशी राणी चौकापर्यंत, म्हणजे साहित्य संघाच्या आणि मोर भवनाच्या दारापर्यंत, मेट्रोनेच जाता येईल.